जावई कायम, लेक टेम्पररी?

‘मुलगा बजाजमध्ये पर्मनंट आहे.’ एके काळी लग्न जमायला एवढं एक वाक्य पुरायचं. बीड असो, सांगोला असो की संगमनेर, मध्यस्थानं हे वाक्य टाकलं की पत्रिका मागे पडायची, मुलाची उंची मागे पडायची, शेती कोरडवाहू आहे की बागायती हेसुद्धा मागे पडायचं. बजाजच्या जागी टेल्को चालायची, किर्लोस्कर चालायची. ‘पर्मनंट’च्या जागी मात्र दुसरं काही चालायचं नाही. गावाकडे त्याला ‘कायम’ म्हणत. जावई कायम आहे म्हणजे लेक सुखात आहे, असा सरळ हिशेब होता.

मैत्रिणींनो, लग्न होऊन मी चिंचवडला आले त्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आमच्या गल्लीत वेळ घड्याळावर नाही, कंपनीच्या बसवर कळायची. पहिल्या पाळीची बस गेली की दूध तापवायला घ्यायचं, दुसऱ्या पाळीची माणसं परतली की दाराला कडी घालायची. डबे, पाळ्या, ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस यांवर सगळ्या बायकांचं वेळापत्रक चालायचं. त्यामुळे पेपरातलं उद्योगाचं पान पुरुषांनीच वाचायचं, असं आम्हाला कधी वाटलं नाही. पण खरं सांगू का, त्या पानावर आमच्याविषयी काही नसायचंही. अमुक हजार कामगार, तमुक कोटींचा नफा, एवढंच. प्रत्येक कामगारामागे एक घर असतं आणि मंदीतही त्या घराचा डबा बाईला भरावाच लागतो, ही गोष्ट कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

म्हणून आज बजाज ऑटोच्या आकुर्डीच्या कारखान्याची गोष्ट आपल्या बाजूनं बघू या.

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर १९६०च्या सुमारास हा कारखाना उभा राहिला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून स्कूटर बनायला लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. वर्षाला किती गाड्या काढायच्या हे तेव्हा सरकार ठरवायचं. त्यामुळे लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, काही जण तर दहा-दहा वर्षं. मुलगी शाळेत असतानाच नंबर लावून ठेवणारे बाप होते, म्हणजे लग्नाच्या वेळेला गाडी हातात! हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ मध्येच झाला होता. तरी मांडवाबाहेर हार घातलेली स्कूटर उभी असायची आणि तिला कुणी हुंडा म्हणायचं नाही, ‘हौस’ म्हणायचं. त्या स्कूटरवर पुढे मुलगा उभा, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि तिच्या मांडीवर लहानगी. आपल्यातल्या कितीजणींनी अशी शहरं आणि जत्रा पाहिल्या असतील!

राहुल बजाज स्वतः पत्नी रूपा यांच्यासह आकुर्डीच्या वसाहतीत राहायला आले होते. रूपाताई माहेरच्या घोलप, म्हणजे मराठीच. त्यांचा मुलगा राजीव जवळच्याच शाळेत शिकला. मालक कारखान्याच्या आवारात राहतो म्हटल्यावर हा कारखाना कधी थांबेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? आमच्याकडे कुणाच्याच आलं नव्हतं.

पण १९९१ नंतर काळ फिरला. परवाने गेले, नव्या गाड्या आल्या, गिऱ्हाइकाला निवड मिळाली. नव्वदचं दशक संपता संपता लोक स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळले. एका लिटरमध्ये जास्त पळते आणि मोठ्या चाकांमुळे खड्ड्यांत आपटत नाही, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. २००१ मध्ये हिरो होंडानं बजाजला मागे टाकलं. त्याच वर्षी बजाजची पल्सर आली आणि कंपनी सावरली. सावरली ती मोटारसायकलवर, आणि नव्या कारखान्यांच्या जोरावर. वाळूजचा कारखाना १९८५चा, चाकणचा १९९९चा. चाकणला कमी माणसांत जास्त गाड्या निघायच्या. आकुर्डी जुनी, स्कूटरच्या जमान्यातली. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना एकामागून एक येत गेल्या आणि कंपनीतली कामगारांची संख्या हजारांनी उतरली.

मग आलं २००७ साल. व्याजाचे दर चढले, बँकांनी गाडीच्या कर्जाला हात आखडता घेतला, मोटारसायकलींचा खप घसरला. त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगरला बजाजचा नवा कारखाना सुरू झाला. तिथे उत्पादन शुल्क माफ होतं. इकडे आकुर्डीत महापालिकेची जकात भरायची. कागदावर बेरीज-वजाबाकी केली तर उत्तर एकच येत होतं. सप्टेंबर २००७च्या सुरुवातीला आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. तेव्हा तिथे सुमारे २,७०० कामगार होते. कंपनीचं मुख्य कार्यालय मात्र आकुर्डीतच राहिलं.

आता रोखठोक बोलते. कंपनीला शिव्या घालून मोकळं होणं मला जमत नाही. चेतकला कवटाळून बसली असती तर बजाजचं काय झालं असतं, ते कानपूरच्या एलएमएलकडे बघून कळतं. तीही स्कूटरचीच कंपनी. २००६ मध्ये तिथे टाळेबंदी झाली आणि शेवटी कंपनी दिवाळखोरीत गेली. बजाज टिकली म्हणून वाळूज टिकलं, चाकण वाढलं आणि हजारो घरांत पगार येत राहिला. हे मान्य करायलाच हवं. माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. कंपनीनं दिशा बदलायला दहा वर्षं घेतली. अभियंते, सल्लागार, बँका, सगळे हाताशी होते. घराला मात्र एखाद्या दिवशी संध्याकाळी चहाच्या कपाबरोबर कळतं, ‘मी फॉर्म भरून आलो.’

स्वेच्छानिवृत्तीतली ‘स्वेच्छा’ कुणाची, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या शेजारच्या वहिनींचंच सांगते. त्यांचे मिस्टर भोसरीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते, नाव घेत नाही. मोठ्या कंपनीला शिंक आली की या लहान कारखान्यांना न्यूमोनिया होतो, हे तुम्हाला माहीतच असेल. तिथेही योजना आली. मिस्टरांनी सही केली आणि मग घरी येऊन सांगितलं. एकरकमी पैसे आले तेव्हा घरात सणासारखं वातावरण. पुतण्याला टेम्पो घ्यायला थोडे दिले, गावाकडच्या घरावर स्लॅब टाकला, उरलेले जास्त व्याज मिळतं म्हणून एका पतसंस्थेत ठेवले. चार वर्षांत टेम्पो विकला गेला. पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागलं. स्लॅब तेवढा राहिला, आणि त्या घरात राहायला कोणी नाही!

मग वहिनींनी डबे सुरू केले. आधी चार मुलांचे, मग बारा, मग बावीस. पहाटे साडेचारला उठून पोळ्या लाटायच्या. दोन्ही मुलांची शिक्षणं त्या डब्यांवर झाली. तरी परवा कुणाशी ओळख करून देताना मिस्टर सहज म्हणाले, ‘ही घरीच असते.’ वहिनी काही बोलल्या नाहीत. मला मात्र राहवलं नाही, मी म्हटलं, ‘हो ना, आणि तुम्हीही!’

चेष्टा सोडा. घर विकायचं असेल, बँकेचं कर्ज काढायचं असेल तर बायकोची सही लागते, निदान तिला बोलावून विचारतात तरी. फंडाच्या कागदावर वारस म्हणून तिचं नाव असतं. म्हणजे नवरा गेल्यावर तिचा हक्क, पण नवरा नोकरी सोडतो तेव्हा तिला खोलीतसुद्धा बोलावत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीचा सौदा होतो आणि ज्या बाईनं तितकीच वर्षं पाळ्यांप्रमाणे झोप मोडून घेतली, ती त्या बोलण्यात कुठेच नसते. कंपन्यांनी आणि युनियननंही स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म देताना नवरा-बायको दोघांना समोर बसवून हिशेब समजावून सांगावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रॅच्युइटी किती, फंड किती, ही रक्कम महिन्याच्या खर्चाला किती वर्षं पुरेल. एवढं सांगायला अर्धा तास लागतो.

आणि पैसे हातात आले की ठेवायचे कुठे, हेही आपणच विचारलं पाहिजे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. ती मर्यादा पूर्वी एक लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो, मग तिचा बोर्ड कितीही मोठा असो. सहकारी बँकाही बुडतात, बरं का. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. पेन्शनर मंडळी ओट्यावर बसून तोच एक विषय बोलायची.

जाता जाता एक गंमत सांगते. चेतकला आपण बायका चालवायला कुठे होतो? डाव्या मुठीत गिअर, जड अंग, चालू होईना की एका अंगाला कलती करून मग किक मारायची. साडीत ते जमायचं नाही. आपली पहिली दोस्ती लूनाशी, मग स्कूटीशी. बजाजनंही मुलींसाठी ‘सनी’ काढली होती, पुण्यात कॉलेजच्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळून तिच्यावर भुर्रकन जायच्या. होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली आणि गिअर नसलेल्या स्कूटरवर आई, आजी, मास्तरीणबाई, अंगणवाडीताई सगळ्या बसल्या. म्हणजे बायका स्वतःच्या पैशानं स्कूटर घ्यायला लागल्या, आणि नेमकी त्याच वेळी बजाजनं स्कूटर सोडली! २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर थांबवून मोटारसायकलवरच लक्ष द्यायचं ठरवलं तेव्हा वडिलांना, राहुल बजाजांना, वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलंही होतं. धंद्यातला हिशेब मुलाचा बरोबर असेल, पण मला विचाराल तर त्या निर्णयाच्या वेळी एखादी शिक्षिका टेबलापाशी असती तर बरं झालं असतं.

कारण स्कूटर परत आलीच की! जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर चालणारी होऊन बाजारात आली, गिअर नाही, किक नाही. आकुर्डीत तिच्यासाठी नवा कारखाना बांधायचं ठरलं, ३०० कोटींचा, वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता असलेला. १० जून २०२२ रोजी तो सुरू झाला. तो राहुल बजाजांचा जन्मदिवस. ते बघायला ते नव्हते, फेब्रुवारीत गेले. ज्या आकुर्डीतून पंधरा वर्षांपूर्वी पाळ्या बंद झाल्या होत्या तिथेच पुन्हा चेतक. गाडी परत आली. २००७चे कामगार तोवर साठीला टेकले होते.

आणि मधल्या काळात आणखी एक बदल झाला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारखान्यात मुली आल्या. १९७४ मध्ये टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं, म्हणून सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आपल्या सुधा मूर्तींनी, थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं होतं. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जोडणारी आख्खी लाइन महिलांची आहे. बजाजनं २०१६च्या अखेरीस डोमिनार ही दणकट मोटारसायकल आणली, तीही चाकणला मुलींच्या लाइनवर जोडलेली. परभणीची, वाशीमची, अहमदपूरची मुलगी आयटीआय किंवा डिप्लोमा करून चाकणला येते, तिघी-चौघी मिळून खोली घेतात, निळ्या-करड्या गणवेशात बसची वाट बघतात. सकाळी तळवडे चौकात त्यांना बघितलं की मला छान वाटतं. पूर्वी याच बसच्या रांगेत एकही बाई नसायची.

आमच्या वरच्या खोलीत अशाच तीन मुली राहतात. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत जातात. त्यातल्या एकीचं पत्र तिनं मला वाचायला दिलं, कारण मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला ते इंग्रजी समजेना. त्यात ‘कामगार’ हा शब्दच नव्हता. ‘प्रशिक्षणार्थी’ होता. ‘पगार’ नव्हता, ‘विद्यावेतन’ होतं. फंड कापला जात नव्हता. मुदत संपली की प्रशिक्षण संपलं, कंपनीवर नोकरी देण्याचं बंधन नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. लाइनवर मात्र ती शेजारच्या कायम माणसाइतकेच नट आवळते. गावाकडे तिची आई सगळ्यांना सांगते, ‘लेक कंपनीत लागली.’ जावई शोधताना जो प्रश्न आपण पहिला विचारायचो, तो लेकीच्या वेळी विचारायला कशा विसरलो?

मुलाकडचे विसरत नाहीत, बरं का. गेल्या वर्षी तिच्यासाठी स्थळ आलं. चहा झाला आणि मुलाच्या मामांनी विचारलं, ‘मुलगी कायम आहे का?’ तिचे वडील माझ्याकडे बघायला लागले.

मंदी आली की पहिली बस कुणाची बंद होते, हे आम्ही पिंपरी-चिंचवडवाल्यांनी २०१९ मध्ये पुन्हा पाहिलं. गाड्यांचा खप पडला, टाटा मोटर्सनंसुद्धा पिंपरीत काही दिवस काम बंद ठेवलं, आणि भोसरी-चाकणच्या शेडमधून ठेकेदाराची माणसं आणि प्रशिक्षणार्थी सगळ्यात आधी गावी गेले. कायम माणसाला निदान कायदा थोडाफार धरून ठेवतो. अर्थात कायमचंही काही खरं नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. चौदाशेहून अधिक कायम कामगारांची कोर्टकचेरी झाली, उपोषणं झाली. पुढे ह्युंदाईनं तो कारखाना विकत घेतला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडायला लागल्या. जागा तीच, इमारती त्याच. जुन्या माणसांचं काय, हा प्रश्न त्या खरेदीच्या बातमीत शेवटच्या ओळीतसुद्धा नव्हता.

विजेच्या गाड्या आल्या म्हणून ही अनिश्चिती संपली असंही समजू नका. एप्रिल २०२५ मध्ये चीननं मोटरला लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. जुलैत राजीव बजाज म्हणाले की ऑगस्टमध्ये विजेच्या चेतकचं उत्पादन पार थांबायचीही वेळ येऊ शकते. आपल्या खोलीचं भाडं चीनच्या चुंबकावर अवलंबून आहे, हे त्या तिघींना सांगितलं तर त्या आधी हसल्याच. मग एकीनं विचारलं, ‘काकू, आम्हाला घरी बसवलं तर पैसे मिळतात का हो?’

वर्ष भरलेल्या कामगाराला, जरा मोठा कारखाना असेल तर, ले-ऑफच्या दिवसांचे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे पैसे मिळतात. प्रशिक्षणार्थी त्यात मोजलीच जात नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, पूर्वी पाच वर्षं लागायची. ही चांगली गोष्ट. पण कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागायची, ती आता ३०० पासून लागते. म्हणजे लहान कारखान्याला टाळं लावणं सोपं झालं. तेव्हा तुमच्या मुलीच्या पत्रात प्रशिक्षणार्थी लिहिलंय, ठेकेदाराचं नाव आहे, ठरावीक मुदत आहे की कायम, यानं खूप फरक पडतो. फंडाचा नंबर आहे का, हे तिच्या मोबाइलवर दोन मिनिटांत बघता येतं.

वरच्या मुलीच्या आईचा रोज रात्री नऊला फोन येतो. जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच बोलणं व्हायचं. मागच्या आठवड्यात त्या बाईंनी पत्राचा फोटो मागवून घेतला आणि गावातल्या शाळेच्या सरांकडून वाचून घेतला. मग मलाच फोन केला, ‘ताई, ह्यात विद्यावेतन लिहिलंय. पुढच्या जूनमध्ये मुदत संपते. मग तिनं आत्तापासून कुणाला भेटायला पाहिजे?’